उन्हाळी सुटी, सायकल आणि ट्रॉम्बेचा रस्ता

(शिक्षक, शासकीय अधिकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मे महिना लागला, शाळांच्या फाटकांना कुलपे पडली, की मुंबईतील कष्टकरी वस्त्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. मुलांनी दिवसभर करायचे काय? ज्यांचे कोकणात, घाटावर किंवा मराठवाड्यात घर शिल्लक आहे ती मुले एस.टी.ने किंवा रेल्वेने गावी जातात. ज्यांना गाव उरलेले नाही, किंवा ज्यांच्या घरातील मिळवत्या माणसाला रजा मिळत नाही, त्यांची सुटी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच सरते. अशा मुलांच्या आवाक्यातील सर्वांत स्वस्त सहल म्हणजे सायकलची सहल होय. तिला तिकीट लागत नाही, परवाना लागत नाही आणि पेट्रोलही लागत नाही. लागतो तो फक्त रस्ता.

हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु आरोग्य, शिक्षण, वाहतूक आणि नगररचना या चारही खात्यांच्या कामाची कसोटी मुलाच्या या सहलीत लागते. घरापासून तीन-चार किलोमीटरवरची खाडी दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पायांच्या बळावर पाहून सुखरूप परत येता येते का, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून त्या वस्तीतील नागरी व्यवस्थेची पुष्कळशी कल्पना येते. हा प्रश्न विचारण्यासाठी मुंबईत ट्रॉम्बेइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

बेट, कारखाने आणि वस्ती

ट्रॉम्बे, म्हणजेच जुन्या मराठी लिखाणातील तुर्भे, हे एके काळी मुंबईच्या पूर्वेस असलेले स्वतंत्र बेट होते. पुढे ते साष्टीशी जोडले गेले. मध्यभागी सुमारे तीनशे मीटर उंचीचा डोंगर, पायथ्याशी कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची गावे, भोवती तिवरांचे रान आणि ठाण्याची खाडी, असे त्याचे मूळ रूप होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ते झपाट्याने पालटले. १९५० नंतरच्या दशकात माहूलच्या बाजूस दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. पुढच्या दशकात खताचा कारखानाही आला.

याच काळात देशाच्या अणुसंशोधनाचे केंद्र येथे आकारास आले. १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. आशिया खंडातील या स्वरूपाची ती पहिलीच अणुभट्टी होती. डॉ. होमी भाभा यांचे १९६६ मध्ये निधन झाल्यानंतर, १९६७ मध्ये, संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. डॉ. भाभा यांना झाडांची विशेष आवड होती. त्याची साक्ष अणुसंशोधन केंद्राच्या परिसरातील वृक्षराजी आजही देते. केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी वसविलेले अणुशक्तिनगरही मुंबईच्या हिरव्यागार वसाहतींपैकी एक मानले जाते.

या नगराच्या बाहेर दुसरी वस्ती आहे. अणुशक्तिनगरच्या परिसरातील जनता कॉलनी ही मोठी झोपडवस्ती मे १९७६ मध्ये हलविण्यात आली. तेथील हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या खाडीकाठी, आखून दिलेल्या लहान भूखंडांवर जागा मिळाली. तीच आजची चीता कॅम्प वस्ती होय. जनता कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुथम यांना झोपडपट्टीवासीयांसाठी केलेल्या कार्याबद्दल २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चीता कॅम्प, ट्रॉम्बेचा कोळीवाडा, मानखुर्द, गोवंडी आणि देवनार हा सारा भाग महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांत हा विभाग सर्वांत खालच्या क्रमांकावर होता. हे आकडे सायकलच्या संदर्भात सांगण्याचे कारण इतकेच, की ज्या वस्तीत क्रीडांगणे थोडी आणि घरे लहान असतात, तेथे रस्ता हेच मुलांचे अंगण असते.

सकाळचे दोन तास

मुंबईचा उन्हाळा विदर्भाच्या उन्हाळ्यासारखा नसतो. मे महिन्यात येथील कमाल तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास राहते, तर रात्रीचे तापमान २७ अंशांच्या खाली सहसा जात नाही. त्रास होतो तो हवेतील ओलाव्याचा. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पश्चिमेकडून येणारा समुद्राचा वारा दुपारी सुटतो. पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बेला तो शहर ओलांडून आल्यावरच लाभतो. समुद्रवारा उशिरा सुटला आणि पूर्वेचा कोरडा वारा वाहत राहिला, तर मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे गेल्याचीही नोंद आहे. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते.

या लाटेपर्यंत गोष्ट गेली नाही तरी धोका नसतो असे समजणे चुकीचे ठरेल. १६ एप्रिल २०२३ रोजी ट्रॉम्बेच्या खाडीपलीकडील खारघर येथे उघड्या मैदानावरील एका मोठ्या कार्यक्रमात उन्हाच्या तडाख्याने १४ जणांना प्राण गमवावे लागले. दमट हवा आणि डोक्यावरचे ऊन एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, याचा तो दुःखद धडा आहे. मुलांची सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो ध्यानात ठेवावयास हवा.

म्हणून ट्रॉम्बेच्या मुलांची सायकल उगवतीलाच बाहेर पडते. मे महिन्यात येथे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या वेळी रस्त्यावर पाववाले असतात, दूधवाले असतात, पहिल्या पाळीचे कामगार असतात. सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून, मागे कॅरिअरवर पावांची पेटी बांधून जाणारा पाववाला हा मुंबईच्या सकाळचा जुना सोबती आहे. सहा ते आठ हे दोन तास सायकलला अनुकूल असतात. ऊन कोवळे असते, डांबर तापलेले नसते आणि वाहनांची गर्दी वाढलेली नसते. आठनंतर यांतील एकेक गोष्ट मुलाच्या विरुद्ध जाऊ लागते. अकरानंतर सायकल घराच्या सावलीला लागलेली बरी. ती पुन्हा निघते ती संध्याकाळी साडेपाचनंतर, पण तोवर रस्ता कामावरून परतणाऱ्यांचा झालेला असतो.

सायकलची जुनी ओळख

मुंबईला सायकल नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी याच शहरातून काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, प्रवास पुरा करून परतले. त्या काळात सायकली परदेशातून येत. पुढे वरळी येथे हिंद सायकल कारखाना निघाला आणि ‘हिंद’ सायकल अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. हा उद्योग अडचणीत आल्यावर १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तो कारखाना राहिलेला नाही.

राज्यातील अनेक नगरपालिका सायकलवर कर आकारीत व तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. रात्री दिव्याशिवाय किंवा ‘डबल सीट’ जाणाऱ्याला पोलीस अडवीत. आज याचे हसू येईल. परंतु त्या बिल्ल्याचा आणि त्या दंडाचा एक अर्थ असा होता, की रस्त्यावरील सायकलची दखल शासनयंत्रणा घेत होती. आता सायकलला कर नाही आणि बिल्लाही नाही; त्याबरोबर तिची मोजदादही थांबली. देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे २०११ च्या जनगणनेत दिसून आले. तरीही मोठमोठ्या रस्त्यांचे आराखडे आखताना या वाहनाचा विचार बहुधा शेवटी होतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला. वेगवान वाहतुकीसाठी बांधलेल्या या दोन्ही सेतूंवर सायकलला प्रवेश नाही. तेथे तो असावा असा आग्रह कोणी धरणार नाही. मात्र वेगवान वाहनांसाठी स्वतंत्र मार्ग निर्माण झाल्यावर जुन्या रस्त्यांवर सायकलला थोडी अधिक जागा मिळावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

एकच सायकल, दोन उन्हाळे

अणुशक्तिनगरात वाढणारे मूल आणि चीता कॅम्पमध्ये वाढणारे मूल यांच्या हाती एकाच बनावटीची सायकल दिली, तरी दोघांचे उन्हाळे सारखे होत नाहीत. नगराच्या आतील रस्त्यांवर सावली आहे, वाहने थोडी आहेत आणि जी आहेत ती सावकाश चालतात. तेथील मूल सायकल शिकते, पडते, पुन्हा उठते. आईवडिलांना त्याची काळजी असते ती गुडघा खरचटण्यापुरती. नगराबाहेरच्या मुलाला मात्र शिकण्यासाठीसुद्धा मुख्य रस्त्यावर यावे लागते. घरातील मोठ्या माणसाची उंच सायकल, तिच्या मधल्या दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत चालविण्याची कला त्याला गल्लीत साधते. पण गल्ली संपते तेथे टँकर, ट्रक आणि बस यांचे राज्य सुरू होते.

या परिसरातील कारखान्यांमुळे अवजड वाहनांची ये-जा अटळ आहे. देशाला इंधन हवे आहे, वीज हवी आहे आणि शहराचा कचराही वाहून न्यावा लागतोच. म्हणून टँकरचालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. प्रश्न समजून घेण्यासाठी लांब वाहन वळते कसे, हे पाहावे लागेल. असे वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती कोपऱ्याच्या अधिक जवळून जातात. त्याच वेळी डाव्या बाजूला अगदी लगत असलेला सायकलस्वार उंच केबिनमधील चालकाला दिसत नाही. सिग्नलपाशी थांबलेल्या टँकरच्या डाव्या बाजूने पुढे सरकणारे मूल स्वतःला सुरक्षित समजते. वस्तुतः ते सर्वांत धोक्याच्या जागी उभे असते. ही एक गोष्ट प्रत्येक शाळेत सुटीपूर्वी, फळ्यावर आकृती काढून, सांगितली गेली पाहिजे. थांबलेल्या अवजड वाहनाच्या मागे थांबावे, त्याच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नये, हा नियम दहा वर्षांच्या मुलाला सहज समजतो.

हवेचा प्रश्नही असाच दोन्ही मुलांना सारखा भेटत नाही. सायकल चालविताना श्वासोच्छ्वास कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे धुरातून सायकल चालविणारे मूल अधिक धूर आत घेते. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस पसरत राहिला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उन्हाळ्यात समुद्रवाऱ्यामुळे मुंबईची हवा हिवाळ्यापेक्षा बरी असते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. देशात २०१५ पासून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज प्रसिद्ध होतो. शाळेच्या फलकावर सुविचाराशेजारी तो आकडा लिहिला गेला, तर मुलांची सहल कोणत्या दिवशी काढावी हे ठरविणे सोपे जाईल.

या ठिकाणी मुलींचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर मुलीची सायकल अनेक घरांत बंद होते. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा स्त्रीसाक्षरतेचाच भाग मानला आणि खेड्यापाड्यांतील हजारो स्त्रिया सायकलवर बसल्या. बिहारने २००६ मध्ये माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्याची योजना आखली आणि शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. सायकल मिळाली की काम संपले, असे मात्र नाही. घर ते शाळा हा रस्ता मुलीला निर्भयपणे वापरता आला, तरच त्या साहाय्याचे चीज होते. हे शहराच्या वस्तीला जेवढे लागू आहे, तेवढेच आडगावालाही आहे.

रस्त्याच्या शेवटी खाडी

ट्रॉम्बेच्या मुलांना सायकलने जावे असे ठिकाण कोणते, असे विचारले तर उत्तर हाताशी आहे. चेंबूरहून येणारा रस्ता देवनार, टाटा समाजविज्ञान संस्था आणि अणुशक्तिनगर ओलांडून ट्रॉम्बेकडे वळतो आणि शेवटी खाडीच्या जेटीपाशी संपतो. तेथे कोळ्यांच्या होड्या असतात. ओहोटीला चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. त्यावर खेकडे आणि निवट्या दिसतात, काठाला तिवरांची झाडे उभी असतात. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात, हे पुस्तकातील वाक्य येथे डोळ्यांनी पाहता येते.

साधारणपणे नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे मुक्कामाला असतात. ऐरोली आणि वाशी येथील पुलांच्या दरम्यानचा पट्टा राज्य शासनाने २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केला. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ट्रॉम्बेची खाडी ही त्याच जलप्रवाहाचा दक्षिणेकडील भाग आहे. भरतीचे पाणी चढू लागले, की चिखलावर चरणारे पक्षी काठाच्या बाजूस सरकतात. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. हे गणित कोळीवाड्यातील मुलाला घरातच कळलेले असते. वर्गातील इतर मुलांना ते शिकविण्याचा मान त्याला मिळाला, तर त्या सहलीचे मोल दुप्पट होईल.

जगातील पर्यटक ज्यासाठी दूरवरून येतात ते दृश्य या मुलांच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. असे असूनही ते न पाहताच मोठी होणारी मुले या परिसरात असतील, तर त्याचे कारण खाडीचे अंतर नव्हे. मधला रस्ता हे त्याचे कारण आहे.

सायकलमार्गांचा आजवरचा अनुभव

यावर साधारणपणे एकच उपाय सुचविला जातो. तो म्हणजे स्वतंत्र सायकलमार्ग. त्याबाबतीत मुंबईचा अनुभव विचार करण्यासारखा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे दीड दशकापूर्वी सायकलमार्ग बांधला गेला. लोक राहतात त्या जागांशी तो नीट जोडलेला नसल्याने त्याचा उपयोग थोडा झाला आणि वाहने उभी करण्यासाठी अधिक झाला. पवई तलावाकाठचा नियोजित सायकलमार्ग मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला आणि झालेले काम काढून टाकण्याचा आदेश दिला. पाणथळ जागेवर भर घालून सायकलला वाट करून देणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

तिसरे उदाहरण ट्रॉम्बेशी थेट निगडित आहे. तानसा जलवाहिन्यांलगतची अतिक्रमणे न्यायालयाच्या आदेशानुसार हटविण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या पट्टीवर सुमारे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महानगरपालिकेने आखली. जलवाहिनीची सुरक्षितता आणि हिरवी वाट हे दोन्ही हेतू चांगलेच होते. परंतु हटविलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना माहूल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरे देण्यात आली. तेथील हवेबाबत रहिवाशांनी दाद मागितली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांवर माहूलला राहण्याची सक्ती करू नये, अन्यत्र घर घेण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. एका उपनगरातील मुलांना मोकळी वाट मिळत असता दुसरीकडच्या मुलांच्या वाट्याला कोणती हवा येते, याचा हिशेबही त्याच कागदावर मांडला गेला पाहिजे, हा यातील बोध आहे.

याउलट काही प्रयोग असे आहेत, की ज्यांना बांधकाम लागत नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीत १९७४ पासून रविवारी सकाळी मुख्य रस्ते मोटारींसाठी बंद ठेवून सायकलस्वारांना आणि पादचाऱ्यांना खुले करण्याची प्रथा सुरू झाली. आज तेथे शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते असे मोकळे होतात. मुंबई पोलिसांनीही मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही तास निवडक रस्ते मोटारींसाठी बंद ठेवण्याचा उपक्रम केला आणि मुलांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. रस्ता तोच, खर्च अडथळे लावण्यापुरता. बदलली ती फक्त वेळेची वाटणी.

काय करता येईल

ट्रॉम्बेच्या बाबतीत हीच दिशा व्यवहार्य दिसते. मे महिन्याच्या प्रत्येक रविवारी सकाळी सहा ते आठ या वेळेत मानखुर्दकडील वळणापासून जेटीपर्यंतच्या रस्त्यावर अवजड वाहनांना मनाई केली, तर कारखान्यांचे काम अडणार नाही आणि वर्षातून चार-पाच सकाळी तरी हा रस्ता मुलांचा होईल. वाहतूक पोलीस, महानगरपालिकेचा विभाग आणि कारखान्यांचे व्यवस्थापन यांनी एकत्र बसून तो निर्णय करता येण्यासारखा आहे. त्याबरोबर वाटेत दोन ठिकाणी पाणपोई, जेटीपाशी सावलीची जागा आणि कठडा एवढी व्यवस्था पुरेशी होईल. रस्त्याकडेला वड, कडुनिंब किंवा करंज लावून त्यांना पाच वर्षे पाणी घातले, तर पुढच्या पिढीला सावली आयतीच मिळेल.

शिक्षकांचे काम यापेक्षा सोपे आणि अधिक मोलाचे आहे. सायकल ही चाकांवरची प्रयोगशाळाच होय. पुढच्या चक्रीचे दात ४८ आणि मागच्या चक्रीचे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल? अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ किती? मुलांनी दात मोजावेत, दोऱ्याने परीघ मापावा आणि एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते हे स्वतः शोधून काढावे. सकाळी २७ अंशांत भरलेली ट्यूबमधील हवा दुपारी तापलेल्या डांबरावर ५० अंशांपर्यंत गेली, तर तिचा एकूण दाब सात-आठ टक्क्यांनी वाढतो. जुन्या ट्यूबचे ठिगळ उन्हात का सुटते, याचे एक कारण त्यांना येथे सापडेल. पंक्चर काढण्यासाठी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधणे, जागा कानशीने खरवडणे, सोल्यूशन वाळू देऊन मग ठिगळ बसविणे, हे सारे वस्तीतील सायकल दुरुस्त करणारा कारागीर अर्ध्या तासात शिकवू शकतो. अशा कारागिराला शाळेने सन्मानाने बोलवावे. खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, म्हणून तिला तेल कधी द्यावे, ब्रेकचे रबर केव्हा बदलावे, हे त्याच्याइतके चांगले कोण सांगणार?

सहलीचे नियमही शाळेनेच घालून द्यावेत. पुढे एक व मागे एक मोठे माणूस असावे, मुलांनी एकामागे एक अशी रांग धरावी, प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली व डोक्याला टोपी असावी. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लिंबू, मीठ व साखर घातलेले सरबत बरोबर घ्यावे. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा येणे ही लक्षणे दिसताच मुलाला सावलीत न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि सहल तेथेच थांबवावी.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांना वाटेल, की हा मुंबईचा प्रश्न आहे. परंतु उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर आणि रुंद झालेले राज्यमार्ग आज गावाच्या शाळेसमोरूनही जातात. गावातील किती मुले-मुली सायकलने शाळेत येतात, त्यांच्या वाटेवर धोक्याची वळणे कोणती, सावली कोठे नाही, याची नोंद एखाद्या ग्रामसभेपुढे ठेवावी. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. एक वही आणि शाळेच्या फाटकाशी उभे राहण्याची आठवडाभराची तयारी पुरते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून ठरविला. महाराष्ट्रात तो दिवस नेमका उन्हाळी सुटीच्या अखेरीस येतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांत मुंबईला पाऊस येतो, रोहित पक्ष्यांचे थवे खाडी सोडून गेलेले असतात आणि मुले नव्या वर्गात बसण्याच्या तयारीला लागतात. नव्या वर्गात शिक्षक पहिल्या दिवशी विचारतात, सुटीत काय पाहिले? त्या वेळी चीता कॅम्पमधील मुलीलाही, ‘सायकलवरून खाडीवर गेले होते, पक्षी पाहिले,’ असे सांगता आले पाहिजे. ते तिला सांगता यावे एवढी सोय करणे ही फार मोठी योजना नाही. रविवारच्या दोन तासांचा तो प्रश्न आहे आणि तो सोडविणे सर्वस्वी मोठ्या माणसांच्या हाती आहे.